ओसाकाचा वेढा आणि फ्रीमाँटचा खंदक

आम्ही घरातून निघालो तेव्हा किल्ल्याचा एक बुरूज अजून ओला होता, आणि माझा सगळा जीव त्या बुरुजात अडकला होता. फ्रीमाँटला माझ्या लेकीच्या, मुग्धाच्या, टाउनहाउससमोर पायरीला लागून हिरवळीचा एक तुकडा आहे. तिथं मी विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला उभा केला होता. दिवाळी तोंडावर आली होती. किल्ल्याभोवती वीतभर खोल खंदकही खणला होता, आणि तिथली माती म्हणजे काय सांगू, खुरपं दोनदा वाकलं!

"समीरराव, संध्याकाळपर्यंत टिकेल ना हो?" मी जावयांना विचारलं.

"आई, डोन्ट वरी. ऑक्टोबरात इथे पाऊस नसतोच यार," समीरराव गाडी काढता काढता म्हणाले. ते नागपूरचे. सासूलाही यार म्हणतात, आणि मला ते आवडतं.

ही २००६ सालची गोष्ट. मी सहा महिन्यांसाठी गेले होते, म्हणजे अमेरिकेतली माझी ही एकच दिवाळी असणार होती. आमच्या घरात दिवाळीचा किल्ला मुलींनीच करायचा असतो. माझ्या आईनं केला, मी केला, साताऱ्याच्या अंगणात मुग्धानं केला. आता नऊ वर्षांच्या ईराचे, माझ्या नातीचे, हात त्या चिखलात बघायचे, एवढी एकच हौस उरी धरून मी विमानात बसले होते. आणि ती बया पायरीवर बसून, नाकाला बोट लावून काय म्हणाली असेल? "आजी, इट्स जस्ट मड."

अस्सा राग आला म्हणता! पण राग गिळला आणि सरळ वाटाघाटीला बसले. ईराला कार्टूनमधल्या सामुराईंचं (जपानी लढवय्यांचं) भारी वेड. तिनं अट घातली, की आधी तिला सामुराईंचा खरा किल्ला दाखवायचा, मग ती चिखलात हात घालेल. समीररावांनी कॉम्प्युटरवर शोधलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका म्युझियममध्ये ओसाकाच्या किल्ल्याच्या वेढ्याचं भलंमोठं चित्र आलं होतं. मुग्धा चकल्यांचा घाणा घालून घरी थांबली, आणि शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो.

स्टेशनपर्यंत गाडी, पुढं ट्रेन. खिडकीतून फ्रीमाँटचे डोंगर दिसत होते, वाळक्या गवताचे, पिवळेधमक. आपल्याकडे माणदेशात उन्हाळ्यात दिसतात तसे अगदी. असे डोंगर आणि एकावरही तट नाही, बुरूज नाही, याची मला फार हळहळ वाटली. शेजारच्या बाकावरच्या एका गोऱ्या आजोबांनी हसून विचारलं, "आज कुठे निघालात?"

माझं इंग्रजी साताऱ्याचं, पण धावतं. म्हटलं, "वेढा बघायला. एक किल्ला पडणार आहे."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि पुढच्या स्टेशनवर जागा बदलली. ईरा खुदकन हसली. तेवढ्यात गाडी खाडीच्या पोटात शिरली, कानांना दडे बसले, आणि डोक्यावर समुद्र आहे या कल्पनेनं मी समीररावांचा दंड घट्ट धरून ठेवला.

म्युझियमच्या दारात पिशवी उघडायला लावली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आत न्यायला मनाई. मग काय, समोरच्या चौकात पायऱ्यांवर बसून अकरा वाजताच जेवून घेतलं. चटणीचा घास तोंडात जातोय तोच एका समुद्रपक्ष्यानं झडप घालून समीररावांच्या हातातली अख्खी दशमी पळवली. "अरे यार!" म्हणून ते मागं धावले. ईरा हसून हसून लोळली आणि मला वाटलं, दिवस चांगला जाणार.

आत गेलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. काय ते चित्र! ब्योबू (घड्यांचा उभा चित्रपडदा) म्हणतात त्याला. असे दोन पडदे शेजारी शेजारी, माणसाच्या उंचीचे, सोनेरी. मूळ पडदे जपानात आहेत, ही त्यांची हुबेहूब नक्कल. पण नक्कल असली म्हणून काय झालं! हजारो माणसं, मुंगीएवढी, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. भाले, निशाणं, घोडे, आणि या सगळ्याच्या मधोमध मजल्यावर मजला चढवलेला ओसाकाचा किल्ला. "ईरा, हा बघ बालेकिल्ला!" मी बोट पुढं केलं, आणि कुठूनसा टीं टीं टीं असा आवाज सुरू झाला.

पहारेकरी धावत आला. मी पडद्याच्या फार जवळ गेले होते म्हणे. समीररावांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या गडबडीत एक ठेंगणीशी, पांढऱ्या केसांची बाई पुढं आली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "असू दे. इतक्या उत्साहानं इथं कुणी येत नाही." या हारूकोबाई. म्युझियममध्ये हौसेनं माहिती सांगायचं काम करतात. जन्म कॅलिफोर्नियातला, आजी ओसाकाची. मी लगेच सांगून टाकलं, की मी साताऱ्याची, आमच्या डोक्यावरच किल्ला आहे आणि मी तो रोज चढते. बाईंचे डोळे चमकले. आमचं गोत्र जुळलं.

मग त्यांनी वेढ्याची गोष्ट सांगितली. चारेकशे वर्षांपूर्वीची. किल्ल्यात तरुण धनी आणि त्याची आई. बाहेर म्हातारा, कसलेला सत्ताधीश, ज्याला सबंध जपानात दुसरं सिंहासन नको होतं. किल्ल्याच्या मदतीला आले ते रोनिन (धनी नसलेले सामुराई). हिवाळ्यात पहिला वेढा पडला. रुंद खंदक, दगडी तट, बाहेर काढलेला एक मातीचा बुरूज. म्हाताऱ्याचे लोक चढून आले आणि त्या बुरुजासमोर पटापट पडले.

"शाब्बास!" मी ओरडले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मीही मग आमच्या साताऱ्याच्या वेढ्याची गोष्ट ऐकवली. बादशहाच्या फौजेनं तटाखाली सुरुंग लावला, तो उडाला, आणि तट बाहेरच्या बाजूला, वेढा घालणाऱ्यांच्याच अंगावर कोसळला! हारूकोबाईंनी टाळी दिली. हो, खरीखुरी टाळी, म्युझियममध्ये.

"मग किल्ला पडला कसा?" ईरानं विचारलं.

"लढून नाही पडला," हारूकोबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्यानं तोफा लावल्या. एक गोळा धन्याच्या आईच्या महालात शिरला, तिच्या दासी मेल्या. तिचा धीर सुटला. मग तह झाला. अट साधी होती. किल्ला तुमचा, माणसं तुमची, कुणाला शिक्षा नाही. फक्त बाहेरचा खंदक बुजवायचा."

"अहो, खंदक बुजवू दिला?" माझा आवाज चढला. "अक्कल गहाण ठेवली होती काय!"

"दिला. आणि बुजवायला म्हाताऱ्याचीच माणसं आली. बाहेरचा बुजवला, हात थांबले नाहीत, आतलाही बुजवत सुटले. किल्ल्यातले लोक ओरडत राहिले, अर्ज-विनंत्या करत राहिले. तोवर सगळं सपाट झालं."

बोट दिलं तर हात धरायचा, दुसरं काय! माझं तर रक्त उसळलं होतं. मी म्हटलं, "आमच्या महाराजांनीही तहात किल्ले दिले होते, तेवीस दिले. पण पुन्हा घेतले!"

"यांनी पण पुन्हा खणायला घेतला खंदक," हारूकोबाई म्हणाल्या. "पण खणायला वेळ लागतो. आणि ते खणतात हे कळताच म्हाताऱ्याला निमित्त मिळालं. उन्हाळ्यात तो परत आला. हे चित्र त्याच उन्हाळ्याचं. किल्ला जळाला. धनी आणि आई दोघांनी आतच मरण पत्करलं."

मग त्यांनी ईराला डावीकडच्या पडद्याकडे नेलं. तिथं लढाई नव्हती. तिथं गावातली माणसं पळत होती. बायका, गाठोडी, पाठीवर मुलं. नदी ओलांडणारी माणसं. एक बाई एका लहान मुलीला मनगटाला धरून ओढत होती. ईरा त्या मुलीसमोर उभी राहिली ती हलेचना. मग तिनं विचारलं, "बट दे हॅड अ गुड फोर्ट, राइट?"

"फार चांगला," हारूकोबाई म्हणाल्या. "खंदक होता तोवर."

मला वाईट वाटलं. एवढ्या उत्साहानं पोरीला आणलं आणि दाखवलं काय, तर पडलेला किल्ला. निघताना मी हारूकोबाईंना दिवाळीचं आमंत्रण दिलं. त्या म्हणाल्या, "गुडघे साथ देत नाहीत, पण तुमच्या किल्ल्याचा फोटो पाठवा." परतीच्या गाडीत ईरा खिडकीला डोकं टेकून बसली होती. "काय गं, दमलीस?" विचारलं तर नुसती मान हलवली. मला वाटलं, संपलं. आता ही कसली चिखलात हात घालतेय.

घरापाशी पोचलो तर किल्ल्यासमोर एक माणूस उभा. शेजारी ढकलगाडी, तिच्यात माती, वर फावडं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. हे डेव्ह, टाउनहाउसच्या असोसिएशनचे, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीच्या कमिटीतले. तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं, की दाराबाहेरची ती हिरवळ आपली नसते, सगळ्यांची असते! अंगण आपलंच, या समजुतीत मी खुशाल खुरपं चालवलं होतं. समीररावांना माहीत होतं, पण सासूला सांगणार कोण?

डेव्ह बिचारे अगदी भला माणूस. टोपी काढून म्हणाले, "मॅडम, किल्ला फारच सुंदर आहे. तुमचा सण होईपर्यंत ठेवा, कुणी काही बोलणार नाही. फक्त हा खड्डा तेवढा बुजवावा लागेल. कुणी अडखळून पडलं तर पंचाईत. मीच माती आणली आहे, पाच मिनिटांचं काम."

"शुअर, नो प्रॉब्लेम," समीरराव म्हणाले.

आणि मी? सकाळपासून खंदकाच्या नावानं म्युझियम डोक्यावर घेणारी मी? मीही सुटकेचा श्वास टाकला. किल्ला राहतोय ना, मग झालं, परक्या मुलखात उगाच तंटा कशाला. "ठीक आहे," मी म्हटलं, "बुजवा."

डेव्हनी फावडं उचललं.

"नो!" ईरा ओरडली. आम्ही वळून बघेपर्यंत ती बूट-मोज्यांसकट खंदकात उभी होती, दोन्ही हात पसरून. "आजी, नाही! खंदक नाही बुजवायचा! दॅट्स हाउ दे लॉस्ट!"

डेव्ह फावडं धरून तसेच उभे. "हू लॉस्ट?"

मग त्या पोरीनं जे सांगितलं! म्हातारा, रोनिन, तोफ, आईचा महाल, तह, बाहेरचा खंदक, आतला खंदक. हातवारे करत, धाप लागेस्तोवर. शेवटी नदीकाठच्या त्या मुलीपाशी येऊन तिचा आवाज फुटला. "दे सेड यू कॅन कीप द फोर्ट," ती म्हणाली. "दे ऑल्वेज से दॅट."

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरले. समीरराव जमिनीकडे बघत होते. चकलीच्या पिठाचे हात घेऊन मुग्धा दारात येऊन उभी राहिली होती.

डेव्हनी फावडं खाली ठेवलं. "पण कुणी पडलं तर?" त्यांनी ईराला विचारलं, अगदी बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं.

ईरानं क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे वळली. "आजी, ते छोटे लॅम्प्स? तू आणलेस ते?"

"पणत्या!"

"पणत्या. खंदकाच्या भोवती सगळीकडे ठेवायच्या. मग दिसेल."

डेव्ह हसले. दिवसा भोवती दोरी बांधायची, अंधार पडायच्या आत ईरानं पणत्या लावायच्या, आणि सण संपल्यावर हिरवळ होती तशी करून द्यायची. असा तह झाला. डेव्ह आपली माती परत घेऊन गेले. ढकलगाडी कोपऱ्यावर दिसेनाशी झाल्यावरच ईरा खंदकातून बाहेर आली. फ्रॉकला हात पुसले, किल्ल्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आजी, हा बुरूज वाकडा आहे. चिखल दे."

मी चिखल दिला. आणखी काय करणार होते! त्या संध्याकाळी मी भराभर चिखल कालवत होते आणि नात हुकूम सोडत होती. महाराज सर्वांत वर बसले. दरवाज्यापाशी ईराचे दोन प्लास्टिकचे सामुराई मावळ्यांच्या रांगेत उभे राहिले. ओसाकाहून आलेले रोनिन, त्यांना धनी मिळाला.

दिवाळीचे सगळे दिवस खंदक उजळत होता. डेव्ह रोज फिरायला निघाले की थांबून पणत्या बघायचे. भाऊबीज झाल्यावर ईरानं खंदक स्वतःच्या हातांनी बुजवला, गवताचा थर बसवला, वर पाणी घातलं. डेव्ह मदतीला आले, तर म्हणाली, "नो थँक्स. आमचा आहे, आम्हीच बुजवणार."

साताऱ्याला परतल्यावर पहिल्याच सकाळी किल्ला चढले. तटावर बसून खालचं गाव बघताना डेव्हचं ते वाक्य आठवत होतं. फक्त हा खड्डा तेवढा बुजवावा लागेल. तहात नेहमी थोडंसंच मागतात, आणि मागणारा भलाही असतो. मुग्धाच्या घरात मीही असे कितीतरी तह मुकाट बघितले होते. जेवताना मराठीची सक्ती नको, पोर दमलेली असते. गणपती पुढच्या शनिवारी बसवू, सगळ्यांना सोयीचं पडेल. मला ते शहाणपणाचं वाटायचं. मी एवढी किल्लेवाली, आणि फावडं दिसताच मान डोलावून मोकळी झाले.

पुढच्या वर्षी नवरात्र संपता संपता फोन वाजला. पलीकडून मुग्धा नव्हती, ईरा होती. आणि पलीकडे खुरपं चालल्याचा खर्र खर्र आवाज येत होता.

"आजी, मी खणायला घेतलंय," धापा टाकत ती म्हणाली. "डेव्हला आधीच सांगितलंय. यंदा दोन खंदक करणार. आतला पण."