पसंतीची जागा

आमच्या ह्यांच्या रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते आणि जीव थाऱ्यावर नव्हता तो माझा. हे निवांत. सकाळी बूट चकाचक करून युनिटला जायचे, संध्याकाळी येऊन चहा मागायचे. दिल्ली कॅन्टोन्मेंटातलं क्वार्टर सोडल्यावर राहायचं कुठं, पोरीचं कॉलेज कसं, नुसत्या पेन्शनवर भागेल का, हा सगळा घोर मी एकटीच घेऊन घरभर फिरत होते.

"माजी सैनिकाला गुडगावात सिक्युरिटीची नोकरी ठेवलेलीच असते," शेजारणी म्हणायच्या. होती हो, पूर्वी होती! आता तिथल्या टॉवरांच्या गेटवर कॅमेरे आणि ॲप आलेत. माणसं लागतात ती आत, कंट्रोल रूममध्ये, कॉम्प्युटरपुढे. म्हणून मी ह्यांना पोरीकडे शिकायला बसवलं. हवालदारसाहेब दोन बोटांनी टाइप करायचे आणि चुकलं की पोरीला सॉरी म्हणायचे.

एका कंपनीनं मुलाखत ठेवली, व्हिडिओवर. मी उशा रचून फोन टेकवून ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. स्क्रीनवर मॅडम आल्या तसे हे ताडकन उठून उभे! मॅडमना नुसता ह्यांच्या कमरेचा पट्टा दिसला असणार. मी दारातून हातवारे करतेय, बसा, अहो बसा!

बसले एकदाचे. आग लागली तर काय कराल, लिफ्ट अडकली तर काय, सगळं चोख सांगितलं. शेवटी मॅडमनी विचारलं, जागा गुरुग्रामला आहे, पुण्यालाही आहे, तुमची पसंती कुठली?

"जहाँ भेजेंगे, चले जाएँगे," हे म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, बरं, बघून कळवतो. फोन बंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, ही काय पलटण आहे? तुम्हाला कुठंच जायची हौस नाही असं वाटलं असेल त्यांना! रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही."

"आजवर असंच तर सांगत आलो," हे शांतपणे म्हणाले.

"म्हणूनच तर! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. भांडी मांडते न मांडते तोच नवं पोस्टिंग. मला विचारलं का कुणी कधी, बाई गं, तुला कुठं राहायचंय? लावा फोन. आत्ताच्या आत्ता लावा."

कुरकुरत लावला. मॅडमनी उचललाही. "मॅडम, वो जगह का बताना था," एवढं बोलून ह्यांनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "सांग. कुठली?"

मी पुणे म्हणणार होते. माहेर जवळ, आईचे गुडघे गेलेत. पण पोरगी? ती इथं रुळलीय, तिचं कॉलेज इथं. मग गुरुग्राम म्हणावं, तर परत आई डोळ्यांपुढे. इतकी वर्षं दुसरेच ठरवायचे, त्यांच्या नावानं बोटं मोडायची तरी सोय होती. आता चुकलं तर माझंच. भीती वाटली मला, सरळ सांगते. एवढी बडबडी मी, आणि नुसती बोटांवर पुणे-गुरुग्राम, पुणे-गुरुग्राम मोजत राहिले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तळहात काढला.

"मॅडम, पाँच मिनट दीजिए. घरवाली से आज पहली बार पूछ रहा हूँ."