मशीनबाई

मशीनबाईंच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला नाडीत ओवलेली कात्री असे. त्या लोहाऱ्याच्या बाजारातून निघाल्या की टवाळ माणसं आपसूक तोंड मिटत. ब्लॉक ऑफिसात त्या मुख्यसेविका होत्या, पण ते लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला?

आम्ही कोष्ट्यांच्या बायका. माग बंद पडले, म्हणून कन्नड मुलखातून पोटासाठी इथं आलेल्या. गावाच्या लेखी आम्ही उपऱ्या. परदेशी मदतीतून आलेल्या शिलाई मशिनी बाईंनी आम्हालाच दिल्या, तेव्हा पुढाऱ्यांचं पित्त खवळलं. "ह्या आपल्या गावच्या न्हाईत," म्हणत ते आमच्या शिवणकेंद्राच्या दारात आले. बाई म्हणाल्या, "मी तरी कुठली हाय? बेंबळीची. आधी मला हाकला, मग ह्यांचं बघू!" माणसं आल्या वाटेनं माघारी गेली.

मशिनींबरोबर शिकवायला एक गोऱ्या मॅडमही आल्या होत्या. लई मायाळू बाई, पण शिकवलं काय, तर फुग्याच्या बाह्यांचे झगे! घालणार कोण ते? बाजारात लोक ते बघून नुसते हसायचे. एका बाजाराच्या दिवशी बाईंनी मॅडमचा हात धरला, त्यांना सगळा बाजार हिंडवला आणि म्हणाल्या, "इथं बायका काय घालतात ते बघा. आता आम्ही सांगतो, तुम्ही शिका." मॅडम खरंच शिकल्या. जीभ दातांत धरून चोळी बेतायच्या. तेव्हापासून आमच्याकडं गिऱ्हाईक यायला लागलं.

पुढं निरोप आला, की मोठे साहेब परदेशी पाहुण्यांना घेऊन तपासणीला येणार. काम दिसलं नाही तर मशिनी दुसऱ्या गावाला जाणार. आणि आले कधी, तर नेमके खंडेनवमीला! मशिनी धुवूनपुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालून ठेवलेल्या. त्या दिवशी कोष्टी हत्याराला हात लावत नाही.

"चालवून दाखवा," साहेब म्हणाले.

नवऱ्याला काम नव्हतं, लेकरं त्या मशीनवर जेवत होती. मी उठले. "बाई, मी चालवते. देवीची माफी मागीन."

बाईंनी खांदा दाबून मला खाली बसवलं. मग साहेबांकडं वळल्या. "साहेब, ह्यांनी मशीन सरकारची समजली असती, तर आजबी चालवली असती. पूजा मांडलीय, म्हणजे आपली मानलीय. तुमाला हेच पाहिजे होतं न्हवं?"

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मॅडमनी मात्र दारात चपला काढल्या, पाहुण्यांना आत आणलं आणि आमच्या अंगावरची एकेक चोळी दाखवत त्यांच्या भाषेत भडाभडा बोलल्या. पाहुणे मान डोलवत राहिले. मशिनी लोहाऱ्यातच राहिल्या.

राहिल्या नाहीत त्या बाई. दिवाळीच्या आतच बदलीचा हुकूम आला. चारचौघांत साहेबाला ऐकवल्याचं बक्षीस, दुसरं काय! मला अजून त्या साहेबाचा राग येतो.

जाण्याच्या दिवशी आम्ही सगळ्या एसटी स्टँडवर गेलो, तर बाई आमच्यावरच उखडल्या. "दसऱ्याची कापडं संपली, दिवाळीची कोण शिवणार? मला गाडीत बसता येतं. चला, फिरा माघारी!"

फिरलो. थोड्या वेळानं गाडीचा हॉर्न ऐकू आला. कुणीही मशीन थांबवली नाही. शिवण मात्र त्या दिवशी सगळ्यांचीच वाकडी गेली.