भाऊंच्या तबकडीचा निकाल

ज्या माणसाला स्वतःचा आवाज धड ऐकू येत नाही, त्याने गाणी रचावीत, ती स्वतःच गावीत आणि वर त्यांची ग्रामोफोनची तबकडीही काढावी, हे तुम्हाला पटतं का? पटत नसेल, तर तुम्ही माझ्या ताईच्या दिरांना, आमच्या भाऊंना, भेटलेला नाहीत. साऱ्या लालबाग-परळात त्यांच्याइतक्या मोठ्याने बोलणारा आणि स्वतःबद्दल इतकी कमी खात्री असलेला माणूस दुसरा नाही.

भाऊ गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम करतात. वीस वर्षांच्या खडखडाटाने त्यांचे कान निम्म्याहून अधिक नेले, आणि मालकाने त्याबद्दल साधी हळहळही व्यक्त केली नाही. त्या खात्यात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. भाऊंची गाणी तिथेच होतात. ओळ सुचली की चार साचे पलीकडच्या जोडीदाराला ते ती नुसत्या ओठांनी म्हणून दाखवतात. त्याला कळली तर ओळ पास, नाही तर शब्द बदलायचा. मी चळवळीची पत्रकं लिहितो, म्हणून एकदा मोठ्या अभिमानाने त्यांना 'शोषणमुक्तीची आकांक्षा' सुचवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझी ती आकांक्षा दाखवली, तर तो डबा घेऊन जेवायला निघाला! गप रव तू. तुझी पत्रकं लिही."

घरीही त्यांचा जबडा तसाच चालतो, फक्त आवाजासकट. वरणात मीठ कमी आहे, हे ते अशा आवाजात सांगतात की समोरच्या चाळीतल्या बायका आपापलं वरण चाखून बघतात. मयताला गेले तर त्यांची कुजबूज रस्त्यापलीकडे पोचते. तबकडी भरायला गेले तेव्हा तिथल्या साहेबाने त्यांना माइकपासून मागे, आणखी मागे सरकवत अखेर दारात उभं केलं. मुंबई आमची का, हे सांगणाऱ्या गाण्याची कडवी चौदा. एका बाजूवर मावत होती चार. भाऊंनी विचारलं, "उरलेली दहा काय घरी घेऊन जाऊ?" दुसऱ्या बाजूला गावी राहिलेल्या आईचं गाणं गेलं.

तबकडी निघाली आणि भाऊंना शंकेने घेरलं. गिरणीतले वाहवा म्हणाले, चाळीतले म्हणाले, मीही म्हणालो. "तुमी सगळे आपलेच," ते म्हणाले. "मी बेसूर असलो तरी तुमी सांगणार नाय." मग त्यांनी स्वतःच एक तबकडी ठाकूरद्वारच्या एका समीक्षकांकडे पाठवली. हे गृहस्थ आमच्या साप्ताहिकात भल्याभल्या गवईबुवांना दोन ओळींत झोपवतात. भाऊंनी जाहीर केलं, "ते बेसूर म्हणाले, तर रविवारच्या सभेत डफ दुसऱ्याच्या हातात. परत गाणार नाय."

त्याच साप्ताहिकात मी प्रुफं तपासतो. शुक्रवारी ते परीक्षण हातात आलं तेव्हा पहिल्या तीन ओळींतच लिहिलं होतं: साथ सामान्य, चाल ओळखीची, आवाज खरखरीत. पुढे वाचलं आणि ओलं प्रूफ तसंच घेऊन लालबाग गाठलं.

दारातच ताई म्हणाली, "मेल्या, आणलंस काय ते? दोन दिवस जेवले नाहीत रे भावजी."

भाऊ खाटेवर ताठ बसले होते. "वाच. पण माझ्याकडे बघून वाच."

मी ओठ फाकवून वाचलं: "सूर कुठेही ढळत नाही. आणि प्रत्येक अक्षर इतकं स्वच्छ टाकणारा गायक मी कित्येक वर्षांत ऐकला नाही. हा माणूस शब्द ऐकवत नाही, समोर आणून ठेवतो."

"परत वाच."

तीनदा वाचलं. मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की प्रूफ माझ्या हातात हललं. "वहिनी, जेवायला वाढा!" ही हाक बहुधा दादरच्या हिंदमातापर्यंत गेली असावी.

रविवारी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत त्यांनी चौदाच्या चौदा कडवी म्हटली. मैदान उठून उभं राहिलं. संध्याकाळी एका शेजाऱ्याकडून ग्रामोफोन मागून आणला आणि तबकडी लावली. ताईचे डोळे भरून आले. भाऊ ग्रामोफोनच्या पेटीवर तळवा ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "लागली काय रे?"

तबकडीचं दुसरं कडवं चालू होतं.

तेव्हा वाचकहो, ही तबकडी कुठेही कानावर पडली, तर कशी वाटली ते आमच्या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवा. बरी वाटली तर बरी, वाईट वाटली तर वाईट, पण खरं लिहा. तुमचं पत्र मी त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडे बघत, सावकाश वाचून दाखवीन.