गुणमालाअक्कांची जप्ती

कल्लाप्पा आणि गुणमालाअक्का या नवराबायकोचं भांडण गल्लीनं जन्मात एकदाच ऐकलं, पण पोटभर ऐकलं. सांगलीच्या त्या बोळात घराला घर लागून होतं आणि मधली भिंत एकच. पलीकडं कुणी खोकलं तरी अलीकडचा विचारायचा, औषध घेतलं का म्हणून. त्या दिवशी शेजारच्या बायका तव्यावरची भाकरी तशीच टाकून भिंतीशी उभ्या राहिल्या. भाकऱ्या करपल्या त्या करपल्याच.

"घरी चालत आलेले पैसे परत लावले तुमी," अक्का म्हणत होत्या. "पाचशे तर पाचशे. घ्यायचे, आन बाकी ऱ्हायलेल्याची त्येच्या हातची सही घ्यायची."

"मोडके पैसे मी घेत न्हाई. द्यायचे तर एकदम दे म्हणालो त्याला. माझी बी काय इज्जत हाय का न्हाई?"

"इज्जत पेटीत घालून ठेवा. अण्णाप्पा भावजी गाळा मागाय आले की ती काढून दावा त्यांना."

मग कल्लाप्पांचा आवाज खाली आला. कोर्टात गेलीस तर बाजारात आपल्याकडनं पोतं कोण घेईल, असं ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, न्हाई गेले तर पोतं ठेवायला जागा कुठं ऱ्हाईल? यावर भिंतीपलीकडं सगळं गप्प झालं आणि अलीकडच्या बायकांना आपल्या भाकऱ्या आठवल्या.

गोष्ट होती बारदानाची. दोघांचा धंदा जुन्या पोत्यांचा. व्यापाऱ्यांकडनं फाटकी पोती घ्यायची, झाडायची, गल्लीतल्या पाचसहा बायकांकडनं शिवून घ्यायची आणि पुन्हा बाजारात विकायची. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली रहिमतपूरच्या लालासाहेबांनी एकदम मोठा माल मागवला. ते घेवड्याचे व्यापारी. घरंदाज माणूस, डोक्याला फेटा, बोलायला गोड. एवढा माल गोळा करायला पैसा कुठला? कल्लाप्पांनी चुलतभाऊ अण्णाप्पाकडनं उचल घेतली आणि दुकानाचा गाळा त्याला गहाण लिहून दिला. माल गेला, पैसे काही आले नाहीत. पहिल्या वर्षी लालासाहेब म्हणाले, भाव पडलाय. दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा कुणी काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या वर्षी ते पाचशे घेऊन आले, आणि कल्लाप्पांची इज्जत आडवी आली.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी अक्का एकट्याच वकिलाकडं गेल्या. वकील तरुण होता, पण बोलला सरळ. माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायला पाहिजे. गेली मुदत की मग देवाकडं मागा, कोर्टाकडं नाही. त्यानं पाचशे देऊन कागदावर सही केली असती तर मुदत नव्यानं सुरू झाली असती. आता महिनाभर उरलाय. आधी नोटीस पाठवू. नोटीस घेतली नाही तरी घेतल्यासारखीच धरतात. मग दावा, मग हुकूमनामा.

अक्कांनी विचारलं, हुकूम झाला की पैसे मिळतात का?

वकील हसला. म्हणाला, हुकूम म्हणजे पैसे नव्हेत, पैसे मागायचा परवाना. तरीही दिले नाहीत तर मालावर जप्ती नेता येते. जमिनीवर नेता येते, पण त्यात तुमचे केस पांढरे होतील. त्याला तुरुंगातही घालता येतं, फक्त तिथं त्याच्या जेवणाचा भत्ता तुम्ही भरायचा.

"म्हंजे पोती माझी, पैसं माझं, आन वर भाकरी बी माझीच?" अक्का म्हणाल्या. "तुरुंग ऱ्हाऊ द्या, साहेब. माल बघा."

नोटीस घेतली गेली नाही. दावा लागला, तारखा पडल्या. लालासाहेबांच्या वकिलाला कधी ताप यायचा, कधी त्याच्या घरी लग्न असायचं. अक्का म्हणायच्या, या माणसाकडं इतकी लग्नं हायेत तर आहेरातच आमचं पैसं फिटतील. अखेर हुकूम झाला, साडेतीन हजार आणि खर्च. तोही सांगलीच्या कोर्टाचा. माल पडला सातारा जिल्ह्यात. मग हुकूम कोरेगावच्या कोर्टात बदलून घ्यायचा, तिथं जप्तीचा अर्ज द्यायचा. एवढ्यात शहात्तर साल उजाडलं आणि सरत आलं. अण्णाप्पांनी शेवटचं सांगितलं: दिवाळीच्या पाडव्याला पैसे, नाही तर गाळ्याची किल्ली. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही पोरीचं लग्न ठरलं होतं.

पाडवा पंधरवड्यावर आला असताना कोरेगावच्या बेलीफानं दिवस दिला. माल कुठला जप्त करायचा ते दाखवायला ज्याचे पैसे अडकलेत त्यानं स्वतः यावं लागतं. कल्लाप्पांचे गुडघे धरले होते, आणि खरं सांगायचं तर गुडघ्यांपेक्षा मन जास्त धरलं होतं. अक्का सूर्य वर येताच चार घास खाऊन गाडीत बसल्या.

दुपारच्या आत पोचायची गाडी ताकारीला थांबली ती थांबलीच. पुढं मालगाडीचा डबा घसरला होता म्हणे. अक्का खिडकीतनं सावल्या बघत बसल्या. आधी लिंबाची सावली बुंध्याशी होती, मग रुळावर आली, मग रूळ ओलांडून पलीकडच्या वावरात गेली. शेजारच्या बाईनं दशमी पुढं केली, ती अक्कांनी परत केली.

रहिमतपूर स्टेशनवर आकाराम बेलीफ बाकड्यावर बसून होता. पूर्वी पलटणीत होता, अजून पट्टा तसाच आवळायचा. त्यानं अक्कांना नमस्कार केला आणि आधी आभाळाकडं बघितलं.

"बाई, एक सांगतो. माल त्येंच्या राहत्या घरात हाय. दिवस बुडाल्यावर राहत्या घरात मला पाऊल टाकता येत न्हाई, कायदाच तसा हाय. आन गावात ऐकलं, रातच्याला मुंबईची ट्रक लागणार हाय. उद्या सकाळी भिंती जप्त कराव्या लागतील."

टांग्यात बसेपर्यंत अक्कांनी एकच विचारलं, अजून किती वेळ हाय. आकाराम म्हणाला, सूर्य दोन कासरे वर हाय. घोड्याला सांगा.

लालासाहेबांच्या दारात पोचले तर पंच मिळेनात. जप्तीला दोन साक्षीदार लागतात. समोरचा शिंपी म्हणाला, मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा डोळ्यावर होता. वाण्यानं फळ्या लावून घेतल्या. गावात कोण लालासाहेबांच्या विरुद्ध अंगठा उठवणार? अक्का रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. तेवढ्यात मेंढरांचा कळप आला, मागं दोन धनगर. आकारामनं त्यांना अडवून सांगितलं, कागदावर अंगठा द्यायचा, दुसरं काही नाही. त्यांतला धुळा म्हणून जो होता त्यानं विचारलं, ह्यो माणूस आमचा कोण लागतो? कोणी नाही, म्हटल्यावर म्हणाला, मग देतो की. मेंढरं देवळापुढं बसवली आणि चौघं दारात आले.

लालासाहेब सोप्यात उभेच होते. गोड बोलणं त्या दिवशीही सुटलं नव्हतं. या अक्का, बसा अक्का, पाणी आणा रे. कागद वाचून म्हणाले, घेवडा माझा नाहीच, जावयाचा आहे. आकाराम म्हणाला, ते कोर्टात सांगा, बाई दाखवतील ते मी लिहिणार. मग लालासाहेब म्हणाले, मालाच्या खोलीची किल्ली सापडत नाही. उघड्या झरोक्यातनं भरलेली, तोंडं शिवलेली पोती नीट दिसत होती, थप्पीवर थप्पी. ट्रकची तयारी.

आणि त्या खोलीकडं जायच्या वाटेवर, माजघराच्या उंबऱ्यावर, बनुबाई येऊन बसल्या. लालासाहेबांच्या आई, पाठीत वाकलेल्या, पदर कपाळापर्यंत. आकाराम तिथंच थबकला. कायद्यानं बाईमाणसाला बाजूला व्हायला सांगायचं, वेळ द्यायचा, हात लावायचा नाही. त्यानं सांगितलं. बनुबाईंनी ऐकलं आणि बसून राहिल्या. सोप्याच्या खांबावर ऊन होतं ते पिवळं झालं होतं.

लालासाहेब आईकडं बघून म्हणाले, आये, अक्का सांगलीसनं आल्यात, लांबनं. जैनाच्या हायेत, दिवस बुडायच्या आत जेवत्यात. जेवू घाल की.

बनुबाईंचा चेहरा एकदम बदलला. पोराच्या पोटात काय होतं ते त्यांना कळलं की नाही, देव जाणे. पण पाहुणी उपाशी म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. उंबऱ्यावरनं न उठताच सुनेला हाक मारली. कांदा-लसूण घालू नको म्हणून दोनदा बजावलं. थोड्या वेळात ताट आलं. गरम भाकरी, मुगाची डाळ, तुपाची वाटी. अक्कांपुढं पाट मांडला.

आकारामनं ताटाकडं बघितलं, खांबावरच्या उन्हाकडं बघितलं आणि मान फिरवली. हे जेवण संपेपर्यंत दिवस बुडणार, हे सोप्यातल्या प्रत्येकाला दिसत होतं. शिवाय ज्याच्या घरी जेवलं त्याच्याच घराला कुलूप लावायचं, हे अक्कांच्या हातनं झालं नसतं. लालासाहेबांना हे पक्कं माहीत होतं. आणि न जेवावं, तर उद्या सूर्य वर येईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. लहानपणापासूनचा नेम, तो आजारपणातही कधी मोडला नव्हता.

अक्कांच्या पोटात सकाळचे चार घास होते, आणि तुपाचा वास नाकात जात होता. त्यांनी ताटाला हात जोडले.

"आजी, ताट झाकून ठेवा. माझी पोती लिहून झाली की बसते."

"मग दिवस बुडंल की गं बाई," बनुबाई म्हणाल्या.

"बुडू दे."

"बुडाल्यावर तू खाशील?"

"न्हाई."

खांबावरचं ऊन छपराशी गेलं. अंगणात कोंबड्या खुराड्याकडं निघाल्या. लालासाहेब पानाचा डबा उघडून बसले; त्यांना आता फक्त बसायचं होतं. आकाराम हळूच म्हणाला, बाई, चला, कागद घेऊन माघारी जाऊ. अक्का जागच्या हलल्या नाहीत. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदरानं टिपायचंही त्यांना सुचलं नाही.

"लाला," बनुबाई म्हणाल्या, "ह्या बाईचं देणं हाय का न्हाई? मला हो का न्हाई एवढंच सांग."

लालासाहेबांनी पान तोंडात घातलं. आये, तुला त्यातलं काय कळतंय, असं काहीसं पुटपुटले.

"मला एवढं कळतंय का माझ्या दारात वाढलेलं ताट झाकून ठेवायची पाळी आजवर कुणावर आली न्हवती. देणं बुडवून बुडवून आता जेवण बी बुडवाय लागलास व्हय?"

असं म्हणून त्यांनी कमरेची चंची सोडली. किल्ली त्यांच्याकडंच होती. पोराला सापडत नव्हती ती. आकारामच्या पुढ्यात टाकली आणि भिंतीला धरून उंबऱ्यावरनं उठल्या.

आकाराम पलटणीतला, धावत आत गेला. अक्का दाखवत गेल्या, तो मोजत गेला, धुळ्यानं आणि त्याच्या सोबत्यानं अंगठे दिले. खोलीला कोर्टाचं कुलूप लागलं, लाखेची मोहोर बसली. बाहेर आले तर डोंगरावर सूर्याची नुसती कड उरली होती. ती बघता बघता गेली.

रात्री अक्का बनुबाईंच्या शेजारीच निजल्या. परतीची गाडी नव्हती. ते ताट बनुबाईंनीही खाल्लं नाही; मला भूक नाही म्हणाल्या. दोघी म्हाताऱ्या सुनांविषयी बोलत पडल्या म्हणे. अक्कांना सून नव्हती, पण त्यामुळं त्यांचं काही अडलं नाही. सूर्य वर आल्यावर बनुबाईंनी दूध दिलं आणि समोर बसून प्यायला लावलं.

ट्रक दारात उभी राहून भाडं चढायला लागलं, तसे लालासाहेब कोरेगावला गेले आणि कोर्टात पैसे भरून आले. माल सुटला. पैसे हातात यायला कोर्टात आणखी काही फेऱ्या झाल्या, तेवढे दिवस अण्णाप्पा कोर्टाच्या पावतीवर थांबले. वकिलाचं, स्टँपाचं, गाडीभाड्याचं वजा जाता अण्णाप्पांचं तेवढं फिटलं. अक्कांच्या हातात राहिलं ते एका लुगड्याच्या किमतीचं. पण गाळ्याची किल्ली घरात राहिली.

कल्लाप्पांचं म्हणणंही अगदीच खोटं ठरलं नाही. दोन गिऱ्हाइकं तुटली. कोर्टात खेचणारी बाई म्हणून बाजारात नाव झालं. उरलेली मात्र वेळेवर पैसे द्यायला लागली. कल्लाप्पा चारचौघांत सांगायचे, आम्ही जप्ती नेली. अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात अक्कांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी फिरू नका म्हटलं होतं. तरी एका गुरुवारी सकाळी त्या निघाल्या. ती त्यांची शेवटचीच फेरी ठरली. हळदीच्या एका व्यापाऱ्याकडं गेल्या, पायरीवर बसून दम घेतला, राहिलेल्या पैशांची आठवण करून दिली. तो म्हणाला, अक्का, सोमवारी. बरं, म्हणाल्या, सोमवारी. त्याच्या नातवाचा गालगुच्चा घेतला. येताना सुतळीच्या लडी घेतल्या आणि पोती शिवणाऱ्या हरणाबाईच्या ओट्यावर ठेवल्या.

"कड दुमडून शिव गं हरणे. मागल्या खेपेचं बुडातनं उसवलं."

हरणाबाई चहा टाकते म्हणाली. नको, अजून आंघोळ व्हायचीय, पाणी तापत ठेवलंय, असं सांगून अक्का घराकडं वळल्या.