पैसे पुढच्या पूजेला

आमच्या बावीस नंबर फुटबॉल क्लबाचे खजिनदार गंगाधर तोरसकर यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ऑफसाइड त्यांना मी तीनदा समजावलंय, एकदा तर टेबलावर चहाचे कप मांडून. तरी गोल झाला की ते आधी माझ्याकडे बघतात, "विन्या, धरला का रे?" मी धरला म्हटलं की मग त्यांच्या टाळ्या. अशा माणसाने बेचाळीस वर्षं क्लब चालवला आणि आम्ही स्वतःला फुटबॉलर म्हणवणारे नुसते लाथा मारत राहिलो. मी लेफ्ट बॅक होतो. आता गुडघा गेला म्हणून सेक्रेटरी आहे.

तोरसकर काका परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड क्लार्क होते. पन्नास रुपये दिलेत तरी पावती घ्यावी लागते, आणि घाईत असाल तर उभं राहावं लागतं, कारण काका अक्षर कोरून काढतात. त्यांचा आवाज मात्र एरवी कुणाला ऐकू येत नाही. तो वर्षातून एकदाच फुटतो, सव्वीस जानेवारीला, सत्यनारायणाच्या पूजेनंतर.

त्या पूजेतला नारळ, केळी, खण, सगळ्याचा आमच्याकडे लिलाव होतो आणि त्यावर क्लबाचं वर्ष निघतं. गिरणी संपानंतरच्या वर्षी कुणाच्याच घरात पैसा नव्हता. लोक बोली लावायला येईनात, आले तर मागच्या रांगेत मान खाली घालून बसायचे. तेव्हा पंचविशीतल्या काकांनी नियम काढला: बोली आज लावा, पैसे पुढच्या पूजेला द्या. मध्ये कुणी कुणाच्या दारात जाऊन मागितले, तर त्याने त्या घरी पाच नारळ दंड म्हणून द्यायचे. लोक पुन्हा पुढच्या रांगेत बसायला लागले. नियम तसाच राहिला आणि आजवर एकदाही कुणी दंड भरला नव्हता.

आता मुद्द्याचं. क्लब कायम थर्ड डिव्हिजनला. शहाऐंशी साली आम्ही वर जाणार होतो. मॅच जिंकली होती, पण सेकंड डिव्हिजनच्या फीला अकराशे रुपये कमी पडले आणि आमची जागा दुसऱ्याला गेली. कुणी काकांना बोल लावला नाही. त्यांनी स्वतःच स्वतःला लावला आणि अजून लावतात. नलूकाकी म्हणतात, "लग्नाची तारीख विसरतील हे, पण अकराशे नाही."

या जानेवारीत आमच्या पोरांनी कमाल केली आणि टीम दुसरी आली. वरच्या डिव्हिजनला जायचं तर सत्तावीस तारखेपर्यंत होकाराचं पत्र द्यायचं आणि एकतीसपर्यंत फी व डिपॉझिट मिळून एक लाख साठ हजार भरायचे. पत्र देऊन पैसे भरले नाहीत तर दोन वर्षं स्पर्धेतूनच बाहेर. गेल्या पूजेची येणी धरून क्लबाकडे होते बहात्तर हजार.

"पूजेला बघू," काका म्हणाले.

आमची बावीस नंबरची चाळ पाडून वर्ष झालं. माणसं भाड्याच्या घरांत पांगलीत, म्हणून पूजा शेजारच्या चाळीच्या पटांगणात घातली. वाटलं होतं पन्नास डोकी येतील. आली तीनशे. काकांनी माइक हातात घेतला आणि नारळ वर धरला. दरवर्षी तो नारळ दहा-अकरा हजारांत सुटतो. या वेळी स्वप्नीलने, जो पूर्वी आमचा गोलकीपर होता आणि आता लोअर परळला टॉवरमध्ये नोकरी करतो, एक्कावन्न हजारांवर नेला. केळी गेली, खण गेला, प्रसादाचा द्रोणसुद्धा गेला. सगळं मिळून लाखभर! बहात्तर आणि शंभर, एकशे बहात्तर. मी चक्क नाचलो, गुडघ्यासकट. सत्तावीसला सकाळी काकांनी स्वतः जाऊन होकाराचं पत्र दिलं.

दुपारी त्यांचा फोन. "विन्या, घरी ये."

पावतीपुस्तक उघडं पडलं होतं. काका अकरा पावत्या लिहायला बसले होते आणि पहिलीच्या खाली, त्यांनीच छापून घेतलेली ओळ त्यांना दिसली: रक्कम पुढील पूजेस देय. लाख रुपये होते, पण ते पुढच्या जानेवारीतले. बेचाळीस वर्षं दरवर्षी हाच हिशेब करणारा माणूस त्या एका संध्याकाळी आनंदात विसरला. आणि मी कोण शहाणा? मीही विसरलो.

"ग्रुपवर टाकतो," मी म्हणालो. "गूगल पे करा म्हणतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"अजिबात नाही!" काकांचा आवाज चढला. सव्वीस जानेवारी सोडून मी तो पहिल्यांदाच ऐकला. "फोनवरून मागितले काय नि दारात जाऊन मागितले काय. माणसाने वर्षाच्या भरवशावर बोली लावलीय."

"मग भरा पुढच्या वर्षी फी! काय तत्त्व घेऊन बसलात?" मी भडकलो. भडकलो म्हणजे चांगलाच, नलूकाकी आतून बाहेर आल्या. त्यांनी दोघांपुढे चहा ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मागायचं नाही असं कुठे लिहिलंय? मागितलं तर दंड, एवढंच लिहिलंय. भरा की दंड."

काकांनी चहा संपवला. मग पिशवी घेऊन उठले.

अकरा घरं, पंचावन्न नारळ, अडीच हजार रुपये. काकांनी पेन्शनमधून दिले आणि क्लबाचा एक पैसा लावू दिला नाही. माझ्या स्कूटरवर पुढे पोतं, मागे काका. लालबाग, परळ, गिरगाव असे तीन दिवस फिरलो. दार उघडलं की काका आधी पाच नारळ उंबऱ्याशी ठेवायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "माझी चूक झाली. दंड आणलाय. आता मागतो." पहिल्या दारात तर त्यांचे कान लाल झाले होते. स्वप्नीलची बायको दर्शना हसू आवरेना म्हणून आत पळाली, आणि स्वप्नीलने तिथल्या तिथे एक्कावन्न हजारांचा चेक फाडला. "काका, नुसता फोन केला असता तरी दिले असते."

"म्हणूनच केला नाही," काका म्हणाले.

कुणी पूर्ण दिले, कुणी अर्धे. दहा घरांतून एक्क्याण्णव हजार चारशे जमले. तीस तारखेला आम्ही फी भरली. खिडकीतल्या माणसाने पावती दिली, काकांनी ती दोनदा वाचली आणि त्यातली तारखेची चूक दुरुस्त करून घेतली. बाहेर पायरीवर बसून म्हणाले, "विन्या, आपण सेकंड डिव्हिजन." तेव्हा ते रडतील असं मला वाटलं होतं, पण नाही. त्यांनी उरलेले पाच नारळ मोजले. "राधाबाई राहिली."

"पैसे झाले की आता! कशाला जाताय?"

"तिच्याही पैशांवर मी पत्र देऊन आलो होतो ना? दंड तिलाही लागतो."

राधाबाई काळाचौकीला लेकीकडे असतात. वय ब्याऐंशी. त्यांनी केळ्यांच्या फणीवर पाचशे एक रुपये बोली लावली होती. काकांनी नारळ ठेवले, हात जोडले, सगळं सांगितलं. म्हातारीने पाचही नारळ कानाशी हलवून बघितले आणि पदराआड ओढले.

"दंड घेतलंय," ती म्हणाली. "पैशे मी देवची नाय."

"नकोच आहेत, राधाबाई. फी भरून झाली. हवं तर तुमची बोली माफ करतो."

म्हातारी अशी उसळली की लेक धावत आली. "माफ? माका माफी दितस, मेल्या? डॉक्टर सांगता, सहा महिने. मी त्येका सांगलंय, माझी पूजेची उधारी आसा, पुढल्या जानेवारीशिवाय माका मरूक जमाचा नाय. आणि तू ती पुसूक इलंस?"

काकांनी दोन्ही कान पकडले.

"पोरां वरच्या डिव्हिजनात खेळतली मां?" ती जरा खाली बसत म्हणाली. "मगे आधी एक मॅच दाखव. पैशांचा मगे बघू."

आता मात्र काका रडले, अगदी लहान मुलासारखे, आणि मीही. मग त्यांनी डोळे पुसले, पुस्तक काढलं आणि राधाबाईंच्या नावापुढे कोरून लिहिलं: रुपये पाचशे एक, येणे बाकी. क्लबाचं येणं बाकी राहिलं म्हणून इतका खूश झालेला खजिनदार मी दुसरा पाहिला नाही.