बंद ठेवलेला बेस

सुरुवातीलाच सांगून टाकतो, चूक माझी होती. ऑर्केस्ट्राच्या मालकाने सांगितलं म्हणून केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. पण साउंडच्या मिक्सरवर हात माझा होता. एका माणसाचा आवाज मी जवळजवळ अख्खा हंगाम बंद ठेवला. तो माणूस दर कार्यक्रमाला माझ्याजवळ येऊन विचारायचा, "बाहेर येते ना बरोबर?" आणि मी म्हणायचो, "मस्त येते, भाऊ."

"खाली ऐका गा," हे या भाऊंचं नेहमीचं बोलणं. चहाच्या टपरीवर रेडिओ लागला, कुणाच्या मोबाइलवर जुनं गाणं वाजलं, की ते उजवा तळहात जमिनीकडे करायचे आणि हळूहळू खाली आणायचे, जणू पाण्यात किती खोल आहे ते दाखवताहेत. "गाणारी वर हाये. बासरी वर हाये. तुम्ही खाली ऐका." मी ऐकायचा प्रयत्न करायचो. मला आधी गाणारीच ऐकू यायची.

ब्रह्मपुरीला माझं साउंड सिस्टिमचं दुकान आहे. त्या काळात आमच्या भागातल्या एका ऑर्केस्ट्राचं सगळं साउंड माझ्याकडे होतं. लग्नं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रा, गणपती, शाळांची संमेलनं. या ऑर्केस्ट्रात ते बेस गिटार वाजवायचे. त्यांना सगळे बेसवाले भाऊ म्हणत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, सडसडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. राहायला आरमोरी-कुरखेड्याच्या मधल्या एका खेड्यात. थोडी धानाची शेती आणि गावतलावातली मासेमारी. जाळं ओढून ओढून त्यांच्या बोटांना अशी ताकद आली होती की ती जाड तार त्यांच्या हाताखाली सुतासारखी वाकायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्टेजवर सगळ्यात मागे, दिव्याच्या उजेडाच्या कडेला उभी असतात. गाणारी बाई पुढे, तिच्या बाजूला ऑक्टोपॅडवाला हातवारे करतोय, आणि मागे एक माणूस शांतपणे मान हलवतोय. लोक त्यांना हमखास छेडायचे. एकदा लग्नात एक जावईबापू स्टेजजवळ येऊन म्हणाले, "काय गा भाऊ, गिटारच्या दोन तारा घरी इसरले का? चारच दिसून राह्यल्या." भाऊ म्हणाले, "दोन तुमच्या सासऱ्याकडं ठेवल्या. जातानी घेऊन जा." मांडव हसला. भाऊंनी मान खाली घालून पुढचं गाणं सुरू केलं.

ती गिटार त्यांच्याकडे आली चंद्रपूरकडून. तरुणपणी ते कोळसाखाणीच्या वसाहतीत मजुरीला होते. तिथल्या क्लबात एक तेलुगू फिटर बेस वाजवायचा. भाऊ खुर्च्या मांडायला जायचे आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्याच्या बोटांकडे बघत राहायचे. फिटरने त्यांना शिकवलं, आणि बदली होऊन जाताना वाद्यही देऊन गेला. गावी आणताना वाटेत गिटारची मान तडकली, ती वडशाच्या एका सुताराने सागाचा तुकडा बसवून जोडून दिली. "अर्धी विलायती, अर्धी आमच्या जंगलातली," भाऊ म्हणायचे.

नव्या तारा आमच्याकडे मिळत नसत. म्हणून भाऊ जुन्याच तारा काढून उकळायचे. हो, उकळायचे. तारांत घाम नि मळ साचला की आवाज बोदा होतो, उकळल्या की पुन्हा मोकळा होतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेच्या मैदानात स्टेजमागे तीन विटांची चूल पेटलेली होती, वर गंज, म्हणजे पातेलं, आणि त्यात खळखळ उकळणाऱ्या तारा. आमची गायिका झाकण उघडून बघते तर काय! "अगं बाई, शेवया म्हणून आली मी!"

"घरी करू देत नाई," भाऊ मला म्हणाले. "घरची म्हनते, भाताच्या गंजात लोखंड शिजवाल तर तेच वाढीन."

साउंडची गाडी जायची तेव्हा ते मुद्दाम माझ्या शेजारी बसायचे. मग त्यांच्या वाद्याचा इतिहास सुरू व्हायचा. बहुतेक त्या फिटरकडून ऐकलेला असावा. "पहिले हे माणसायेवढं होतं. उभं. सारंगीचा आजा म्हना. आपल्या जीपमंदी मावलं नसतं, टपावर बांधा लागलं असतं. बरं, त्याले पडदे नाई. बोट जरा सरकलं का सूर गेला. अन् बाकीचे भोंगे, ढोल असे मोठे झाले का याचं कोनाले आयकूच येईना. मंग तिकडं अमेरिकेत एक रेडिओ दुरुस्त करनारा होता. त्यानं म्हटलं, येवढं लाकूड काऊन वाहता? त्यानं त्याले गळ्यात टांगलं, पडदे ठोकले, वायर लावली." इथे ते माझ्या खांद्यावर थाप मारायचे. मीही रेडिओ दुरुस्तीपासूनच सुरुवात केली होती. "आमच्या वाद्याचा बाप तुमच्याच धंद्यातला, साउंडवाले!"

मग पुढे काय झालं तेही सांगायचे. ते वाद्य आलं आणि गाण्याची चालच बदलली. ढोल आणि बेस एकमेकांचे सोबती झाले. कुणी अंगठ्याने तार ठोकून वाजवायला लागलं. समुद्रातल्या एका बेटावर तर म्हणे बेसच गाणं चालवतो आणि गाणारा त्याच्या मागे मागे जातो. आपल्या सिनेमातल्या नाचाच्या गाण्यांत तो आला, आणि मग खेड्यातली आजीबाईसुद्धा त्या गाण्यावर मान डोलवू लागली, कशामुळे डोलवतेय हे तिला ठाऊक नसलं तरी. कधी कधी ते एखाद्या गाण्याचा नुसता बेस वाजवून विचारायचे, "सांगा, कोन्तं?" मला कधीच ओळखता आलं नाही. मग ते वरून तोंडाने चाल गुणगुणायचे आणि ओळखीचं गाणं एकदम समोर उभं राहायचं.

एकदा मी वैतागून म्हणालो, "पण भाऊ, लोकांना ते कळतच नसेल तर काय उपयोग?"

ते म्हणाले, "जाळं पायलं ना तुम्ही? वर बुचं तरंगतात, ते दिसतात. खाली कडेले शिशाच्या गोळ्या असतात, त्या नाई दिसत. गोळ्या काढून टाका अन् पाहा. जाळं वरच्यावर तरंगते, मासा खालून निंगून जाते."

मग नागपूरहून नवा कीबोर्डवाला आला. त्याच्या कीबोर्डात सगळं भरलेलं होतं, ताल, साथ, बेससुद्धा. डाव्या हाताची दोन बोटं ठेवली की बेस आपोआप चालायचा. पहिल्याच कार्यक्रमात दोन बेस एकमेकांवर आदळायला लागले. मध्यंतरात मालक माझ्याकडे आला. "एक बंद कर."

"भाऊंना सांगतो मी."

"सांगू नको. पहिल्यापासून हाये तो माणूस, मी कोन्त्या तोंडानं सांगू? तू नुसता बंद कर. उभा राहू दे त्याले. स्टेज भरल्यासारखं दिसते."

भाऊंच्या पायाशी त्यांचा स्वतःचा एक छोटा स्पीकर असायचा. त्यातून त्यांना त्यांचं वाजवणं ऐकू यायचं. त्यामुळे बाहेर काही जात नाही हे त्यांना कळण्याची शक्यता नव्हती. मी मिक्सरवरची त्यांच्या आवाजाची सरकती कळ खाली ओढली आणि चुकून वर जाऊ नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकली. मला वाटलं होतं, दोन-तीन कार्यक्रमांत मालक त्यांना सांगेल. त्याने सांगितलं नाही. मीही नाही. पुढे तर मी त्या पट्टीकडे पाहायचंही सोडून दिलं.

आरमोरीचा कार्यक्रम होता. संध्याकाळी उन्हं उतरत असताना आम्ही वायरी जोडत होतो. भाऊ माझ्याजवळ आले. शर्ट नवा होता.

"आज घरची आली हाये," ते हळूच म्हणाले. "तिची बहीण इथीच देली ना, तिच्यासंगं. अठरा वर्षांत पहिल्यांदा मले आयकाले आली. आज माझा थोडा वर घ्या गा. दोन गाने घ्या, बस. जास्त नाई."

मी म्हणालो, "हो भाऊ, घेतो ना."

खरं सांगतो, मालक त्या वेळी माझ्याजवळ नव्हता. तो पुढे पाहुण्यांत बसला होता. मला कळ वर करता आली असती. आठ दिवस आधी माइकला शिट्टी आली म्हणून तो सगळ्या लोकांसमोर माझ्यावर ओरडला होता. तसं पुन्हा व्हायला नको, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. पुढच्या गाण्याला करू, म्हणालो. मग त्याच्या पुढच्या. भाऊ त्या दिवशी डोळे मिटून वाजवत होते. मी समोरून पाहत होतो.

कार्यक्रम संपल्यावर दोघी बहिणी स्टेजमागे आल्या. मी वायरी गुंडाळत होतो.

"तुमचं कोन्तं होतं?" वहिनींनी विचारलं. "मले तं काई आयकू नाई आलं."

बहीण हसली. "जिजाजी फोटोले उभे होते वं! शोभेचे!"

"खाली आयका लागते ते," भाऊ म्हणाले.

"खाली आयकलं. खाली तं लेकरं रडून राह्यले होते." वहिनीसुद्धा हसल्या. भाऊही हसले. मी वायर घेऊन गाडीकडे निघून गेलो.

परत आलो तर ते मिक्सरसमोर एकटे उभे होते. बोट त्या पट्टीवर. पट्टीवर धूळ बसलेली होती.

"कवापासून?"

"आजच," मी म्हणालो. "शिट्टी येत होती, भाऊ."

त्यांनी बोटाला लागलेली धूळ पाहिली, पँटला पुसली. "बरं," म्हणाले.

मला वाटलं, आता ते येणार नाहीत. पण हंगामाचे चार कार्यक्रम बाकी होते आणि ते चारही कार्यक्रमांना आले. दर वेळी वेळेवर, दर वेळी तारा लावून. एकही गाणं त्यांनी अर्धवट वाजवलं नाही. बाहेर काही जात नाही हे माहीत असून वाजवलं. मला त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. मी घाबरून ती पट्टी काढून टाकली होती, पण कळ मात्र तिथेच ठेवली. माझ्या हातून सगळ्यात वाईट काय झालं असं कुणी विचारलं, तर मी आरमोरीचं नाव सांगणार नाही. हे चार कार्यक्रम सांगेन.

पुढच्या हंगामात ते आले नाहीत. मालकाने दुसरा माणूस शोधला नाही. काही वर्षांनी ऑर्केस्ट्राच बंद पडला. आता माझ्याकडे डीजेचे मोठमोठे बॉक्स आहेत. लग्नात मुलं येऊन मागे लागतात, "काका, बेस वाढवा ना!" मी वाढवतो. छातीत धडधडतं, मांडवाचे खांब थरथरतात. तो आवाज वाजवणारं तिथे कुणीच नसतं. इतक्या गर्दीत, मुलं नाचत असताना, मी खुर्चीवर बसून असतो आणि मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

भाऊ गेल्याचं मला त्या बाजूच्या काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं. तापाचं निमित्त झालं होतं, आणि तेही दोन वर्षांपूर्वी. तरी मी लगेच गेलो नाही. या हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपल्यावर गेलो. वहिनी अंगणात सुपाने धान पाखडत होत्या. मी नाव सांगायच्या आतच म्हणाल्या, "साउंडवाले भाऊ ना? बसा."

त्यांनी पाणी दिलं. गिटार भजनमंडळाला देऊन टाकली, म्हणाल्या. तिथे ती कुणाला वाजवता येत नाही, खुंटीला टांगलेली आहे. मग आपणहूनच आरमोरीचा विषय काढला. त्यांना अजून हसू येत होतं.

"त्याईले मी लय चिडवत होती त्याच्यावरून. घरी आल्यावर म्हनते, त्या दिवशी तार तुटली होती. मी म्हटलं, चार होत्या ना? चारही तुटल्या? मंग काईच नाई बोलले. नुसते उभे राहाले येवढ्या दूर जात, असंच मी समजली. गावातही सगळे तेच म्हनत. पाहुणे आले का मी सांगे अन् सगळे हसत. तेही हसत."

म्हणजे त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. शेवटपर्यंत.

"वहिनी," मी म्हणालो, "तार तुटली नव्हती. ते वाजवत होते. सगळी गाणी वाजवली, मन लावून वाजवली. त्यांचा आवाज मी बंद केला होता. आज घरची आली आहे, थोडा वर घ्या, असं ते मला सांगून गेले होते. मी हो म्हणालो आणि घेतला नाही. वरून खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."

सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं. कोंबड्या सुपातलं धान टिपायला आल्या, त्यांना वहिनींनी हाकललं नाही.

"हे त्याईले म्हनलं होतं का तुम्ही?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगता आता?" त्यांचा आवाज चढला. "तुम्ही सांगून मोकळे झाले. मी इतके वर्ष त्याईले हसली, त्याचं मी काय करू?"

याचा विचार मी करून गेलो नव्हतो. ब्रह्मपुरीपासून तिथवर मी फक्त माझंच वाक्य घोकत गेलो होतो. मी त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसलो आणि हात जोडले.

"तुम्हाला ऐकू आलं नाही ते माझ्यामुळे, वहिनी," मी म्हणालो. "तुमच्या हसण्याचीही माफी मीच मागतो. भाऊंची, आणि तुमचीही."