तीन महिन्यांच्या सम्राटाचं नाणं

लग्न होऊन मी ओहायोतल्या डब्लिनला आले तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. नवरा कंपनीच्या कामासाठी सोमवारी विमानाने जायचा तो शुक्रवारी परतायचा. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. दुपारभर मी खिडकीशी उभी राहून पार्किंग लॉटमधल्या गाड्यांवर साचणारा बर्फ बघायचे. कधी कधी दिवसभर तोंडातून शब्दच निघायचा नाही. मग फोनवर ‘हॅलो’ म्हणताना आवाज खरखरायचा.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली. मी त्यांना सर म्हणायचे. त्यांची नजर अधू होत चालली होती. एका थंडीत त्यांनी माझं दार वाजवलं.

“तुझे डोळे चांगले आहेत ना? जरा उसने हवेत.”

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी रुमालातून एक छोटं सोन्याचं नाणं काढलं. “यावर काय आहे ते सांग. मला आता नुसतं पिवळं दिसतं.”

मी ते दिव्याखाली धरलं. “म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आहे. लांब दाढी. डोक्यावर पानांचा मुकुट.”

“दमलेला दिसतो?”

“हो. माझे वडील पेन्शनच्या रांगेतून घरी येतात ना, तसा.”

ते खळखळून हसले. मग सांगू लागले. हा रोमचा सम्राट. बाप गुलामीतून सुटलेला. पोरगा आधी व्याकरण शिकवायचा, मग सैन्यात गेला, चढत चढत साठी उलटल्यावर गादीवर बसला. शिपायांना शिस्त लावायला गेला, आणि तीन महिनेही झाले नसतील, त्याच्याच रक्षकांनी त्याला राजवाड्यात मारलं. नंतर त्यांनी साम्राज्याचा चक्क लिलाव केला.

“एवढ्या दिवसांत नाणी पाडून पाडून किती पाडणार? म्हणून हे दुर्मीळ. आणि तोही मास्तर होता, म्हणून मी घेतलं. बायको महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “मागच्या बाजूला?”

“एक बाई उभी आहे. वर मोठा तारा. तिने त्याच्याकडे हात केलेत.”

“पोचलेत?”

मी नाणं डोळ्यांजवळ नेलं. “नाही. थोडं राहिलंय.”

“मग मला बरोबर आठवतंय,” ते म्हणाले.

त्यानंतर मी बहुतेक दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. ते नाणं पुढे करायचे, मी बघून सांगायचे. माझं इंग्रजी मोकळं झालं. असलंच सोनं जहाजांत घालून रोमचे व्यापारी मिरी आणायला हिंदुस्थानात जायचे, हे त्यांनीच मला सांगितलं.

“म्हणजे हे वाट चुकून इकडे आलं,” मी म्हटलं. “माझ्यासारखं.”

या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

वसंतात त्यांच्या मुलाने त्यांना ॲरिझोनाला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. नाणं सरांनी म्युझियमला द्यायचं ठरवलं. “तू ड्राइव्ह करशील?” त्यांनी विचारलं. माझं लायसन्स नवंकोरं होतं. फ्रीवेवर मी कधी गेले नव्हते. स्टिअरिंग घट्ट धरून, ट्रकवाल्यांचे हॉर्न खात गेले.

तिथल्या बाईंच्या हातात देण्याआधी सरांनी अंगठा नाण्यावरून सावकाश फिरवला. एका बाजूने, मग दुसऱ्या. परतताना ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी रेडिओ लावला नाही.

सर ॲरिझोनाला गेले. त्यांच्या घरात एक तरुण जोडपं आलं, सकाळी कामावर जाणारं. एक दिवस मी एकटीच म्युझियमला गेले. काउंटरवरच्या मुलीने फोन करून विचारलं आणि म्हणाली, “ते नाणं डिस्प्लेवर नाहीये. तिजोरीत ठेवलंय.” मी बाहेर पायऱ्यांवर जरा वेळ बसले आणि घरी आले.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला.

“कुठे होतीस? दुपारी फोन केला होता.”

“म्युझियमला गेले होते.”

“अरे वा! काय बघितलंस?”

“काही नाही,” मी म्हटलं. मग त्याने तिकडच्या हवेबद्दल सांगितलं.